बिनराखेचं बियाणं

मालनबाईंशी माझं पहिलं भांडण राखेवरून झालं, आणि त्यात मी जिंकलो. पुढचा सगळा घोळ त्या जिंकण्यातून झाला, म्हणून आधी तेच सांगतो.

साल चव्वेचाळीस. लढाई चालू होती, बाजारात धान्य मिळत नव्हतं आणि सरकारनं चावडीचावडीवर ‘अधिक धान्य पिकवा’च्या पाट्या ठोकल्या होत्या. मी मार्तंड, राहुरी तालुक्यात शेतकी खात्याचा कामगार. नाव कामगार असलं तरी काम तोंडाचंच. सायकलवरून गावोगाव हिंडायचं आणि शेतकऱ्यांना शेती शिकवायची. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावलेला नव्हता. आजोबा भिक्षुकी करत, वडील नगरला कचेरीत कारकून. तरी चोविसाव्या वर्षी माझी खात्री होती की शेतीतलं मला जेवढं कळतं तेवढं या मुलखात कुणालाच कळत नाही. पुण्याला दोन वर्षं पुस्तकं वाचली होती ना.

त्या वर्षी आमच्या मागे काणीचा लकडा होता. काणी म्हणजे जोंधळ्याचा रोग. कणीस लांबून भरलेलं दिसतं, पण दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची बोंडं असतात. मळणीत ती फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते आणि पुढच्या पेऱ्यात शेतात जाते. त्यावरचा उपाय अगदी सोपा. मोरचुदाच्या पाण्यात बी दहा मिनिटं बुडवायचं आणि सावलीत वाळवायचं. निळ्या खड्यांच्या पुड्या पिशवीत भरून मी भादव्यात गावं पालथी घालत होतो आणि लोक माझं सगळं ऐकून घेऊन मला चहा पाजून परत पाठवत होते. त्या चहाचा मला फार राग येई.

मालनबाईंचं गाव मुळेच्या काठावरचं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. बाई पन्नाशीच्या, नवरा वारलेला, वीस एकर कोरडवाहू स्वतः कसणाऱ्या. त्यांच्या घरच्या दगडी जोंधळ्याचा दाणा मोत्यासारखा पांढरा, आणि निम्मी भावकी पेरणीला त्यांच्याकडून बी नेई. म्हणजे त्या एका बाईनं ऐकलं की निम्मं गाव ऐकणार, हा माझा हिशेब.

बी निवडण्याची त्यांची रीत अशी: खळ्यावर कणसं आली की त्या स्वतः बसून एकेक कणीस हातात घेत, मनाजोगतं निघालं तर बाजूला ठेवत. ती कणसं वेगळी बडवायची, दाणे उन्हात तापवायचे आणि गोवरीच्या राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून पोत्यात भरायचे. राखेत घोळलेलं ते करडं धान्य पेरणीपर्यंत ओसरीत उघड्यावर पडलेलं असे.

“राखेनं काणी जात नाही, मालनबाई,” मी म्हणालो. “राखेनं किडा लागत नाही एवढंच. काणीला मोरचूदच पाहिजे. आणि राख असली की मोरचूद दाण्याला नीट लागत नाही. ही सगळी धुऊन टाकावी लागेल.”

“धुवा की. आन वाळल्यावर परत राख लावू.”

“परत कशाला?”

“भाऊसाहेब, राख न्हाई लावली तर ह्ये बी हाय ह्ये कळायचं कसं?”

मला हसू आलं, आणि मी हसलोही. “कळायला काय पाहिजे? तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. अजून कुणाला कळायचंय?”

“राख दिसली का त्याला कुनी हात लावत न्हाई. दळत न्हाई, उसनं मागत न्हाई. भिकारीसुदिक म्हनत न्हाई का ह्यातलं वाढा.”

“मग राख नसली की लोक काय पोतं पळवून नेणार आहेत?”

तीन वर्षं बाईंच्या शेतात काणी वाढत चालली होती आणि गेल्या माघात भावकीतल्या दोघांनी तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या बियानं आमच्या रानात काळं आणलं. ते त्यांना लागलेलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “तुमच्या मनासारकं करा. पर ह्यात काय झालं तर तुमाला सोडायची न्हाई.”

खात्याचं पत्रक सांगत होतं की बी पेरणीच्या आदल्या दिवशी बुडवा. हस्ताच्या पेरणीला अजून पंधरा दिवस होते. पण मला एवढा धीर कुठला? माझ्याकडे साठ गावं होती, आणि आज होकार देणारी बाई पंधरा दिवसांनी नाही म्हणाली तर? मी त्याच दुपारी बाह्या सरसावल्या. लोखंडाचं भांडं चालत नाही म्हणून मातीचा रांजण मागवला, मोरचूद विरघळवला आणि राख धुतलेलं बी फडक्याच्या गाठोड्यांत बांधून बुडवून काढलं. घोंगड्यांवर पसरलेलं ते बी वाळल्यावर असं स्वच्छ दिसायला लागलं की मलाच कौतुक वाटलं. नीट निरखलं तर दाण्यावर निळसर झाक होती, पण नीट निरखतो कोण? याला तोंड लावू नका, हात धुवा, गुरांपासून लांब ठेवा, एवढं बजावून मी सायकलवर टांग मारली. पोत्यावर चिठ्ठी बांधायला हवी होती. माझ्या खिशात कागद होता, पेन्सिलही होती. पुढच्या गावी उशीर होत होता म्हणून राहून गेलं.

हे झालं सोमवारी. शुक्रवारी मी घोडेगावच्या बाजारात होतो. घोडेगावला जनावरांचा बाजार मोठा, चार तालुक्यांतली माणसं सापडतात, म्हणून मी एका लिंबाखाली रांजण मांडून मोरचुदाचं प्रात्यक्षिक करत होतो. गर्दी बैलांभोवती, माझ्याभोवती चार म्हातारे. तेवढ्यात मालनबाईंचा धाकटा दीर कानिफनाथ बैल बघत बघत माझ्यापाशी आला आणि तंबाखू मळत सहज म्हणाला, “तुमचं बी ग्येलं की, भाऊसाहेब.”

“कुठे गेलं?”

“सरकारात. बुधवारी झडती आल्ती ना. दडवल्यालं धान्य धुंडाळायला.”

त्यानं सांगितलं ते असं. पथक घरोघर फिरत मालनबाईंच्या ओसरीत आलं. अव्वल कारकुनानं पोतं पाहिलं, सोडलं आणि ओंजळ भरून दाणे उजेडात धरले. बाई म्हणाल्या, बी आहे. कारकून म्हणाला, राख कुठंय? मी पण कुणब्याचा पोरगा आहे, बी कसं असतं ते मला सांगू नका. बाई म्हणाल्या, शेतकीच्या भाऊसाहेबांनी औषध लावलंय. कारकुनानं वास घेतला. मोरचुदाला वास नसतो. तो म्हणाला, आज सकाळपासून मी सात घरं पाहिली आणि प्रत्येकानं काहीतरी वेगळं सांगितलं. पोतं गाडीत गेलं.

“शेजारच्या घरात राखेचं बी हुतं, त्येला हात न्हाई लावला,” कानिफनाथ म्हणाला. “मानूस वाईट नव्हता तसा.”

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ते पोतं सरकारात गेलं म्हणजे कुठल्यातरी स्वस्त धान्याच्या दुकानात जाणार, तिथून कुणाच्यातरी जात्यात, आणि तिथून पोटात. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी रांजणातलं निळं पाणी तिथंच ओतलं, म्हाताऱ्यांना नमस्कारसुद्धा न करता सायकल काढली आणि राहुरीचा रस्ता धरला.

आडवाटेनं ते आठ-दहा कोस मी कसे काढले ते मला धड आठवत नाही. काळ्या रानातल्या चाकोऱ्या, मध्येच चिखल, चाक रुतलं की उतरायचं, ढकलायचं, पुन्हा चढायचं. वाटेत जो जो भेटला त्याच्या तोंडाकडे मी बघत होतो, जणू काही माझा जोंधळा कुणी खाल्लाय ते चेहऱ्यावर दिसणार होतं. मी स्वतःशी हिशेब करत होतो की एका भाकरीत दाणे किती, एका दाण्यावर मोरचूद किती, मोठ्या माणसाला किती बाधेल आणि लहान पोराला किती. पुस्तकात हे आकडे होते. ते मला आठवत नव्हते. उलटी होते हे आठवत होतं, आणि फार झालं तर उलटीवर थांबत नाही हेही आठवत होतं. मी घाबरलो होतो, इतका की मुळा ओलांडताना सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात उभा असताना मला क्षणभर वाटलं, इथूनच नगरला घरी निघून जावं.

राहुरीच्या सरकारी गोदामावर नारायणराव होते. जुने भांडारी, वडिलांच्या ओळखीचे, नाकावर चष्मा आणि समोर वह्या. इथे मी दुसरी चूक केली, आणि ही पहिलीपेक्षा हलकट होती. मी त्यांना खरं सांगितलंच नाही. म्हणालो, झडतीत आलेल्या एका पोत्यातला नमुना खात्याला हवा आहे.

“नमुना? मग अर्ज करा की, मार्तंडराव. घाई काय आहे? बसा, चहा मागवतो.”

मी बसलो. चहासुद्धा प्यालो. नोकरी जाईल, खात्याचं नाव बद्दू होईल, साठ गावांत कुणी मोरचुदाला शिवणार नाही, असं सगळं मनात येत होतं, आणि नारायणराव सावकाश पानं उलटत होते. त्यात अर्धा तास गेला. मग भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले आणि मला कुठेतरी पाच वाजता पेटणाऱ्या चुली दिसायला लागल्या. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

नारायणरावांनी चष्मा काढला. “विष म्हणता?”

“पोतं कुठे आहे?”

“काल गेलं. माळावर बंडिंगचं काम चाललंय ना, तिथल्या दुकानात. तीन पोती पाठवली, दोन बाजरीची आणि एक ते.” त्यांचा आवाज खाली गेला. “तुम्ही हे मला लेखी द्या. मामलेदार फिरतीवर आहेत, ते आले की मी त्यांच्यापुढे ठेवतो. लेखी असल्याशिवाय मला काही करता येणार नाही.”

त्यांनी कागद पुढे केला. मी तो तसाच टाकून बाहेर पळालो.

बंडिंगचं काम म्हणजे उतारावरच्या जमिनीला मातीचे बांध घालायचं काम. पाथर्डीकडून दुष्काळानं उठलेली माणसं तिथे पालं ठोकून राहिली होती. दिवसभर माती उपसायची, दुपारच्या सुट्टीत तिथल्याच स्वस्त धान्याच्या दुकानातून मिळेल ते घ्यायचं आणि संध्याकाळी शिजवायचं. मी पोचलो तेव्हा काम नुकतंच सुटलं होतं. दुकानदार काकासाहेब रिकामी पोती झटकत होते. त्यांना मी विचारलं, पांढरा जोंधळा कुठाय?

“गेला की. दुपारी पोत्याचं तोंड सोडलं आन झुंबड उडाली. आठ दिवस किडकी बाजरी देतोय मी त्यांना. असला जोंधळा त्यांनी औंदा पाहिला नव्हता.”

“परत घ्यायचा आहे. सगळा. त्याला मोरचूद लागलाय.”

काकासाहेब आधी हसले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबवून पालांकडे धावले. त्यांच्या मागे मी.

पालांपुढे बायका जात्यांवर बसलेल्या होत्या. पहिल्याच जात्याखाली पांढरं पीठ पडत होतं. मी ओरडलो, दळू नका, ते धान्य खराब आहे. जातं थांबलं नाही. पुढच्या पालाशी एक बाई सुपात जोंधळा पाखडत होती, तिनं सूप पाठीमागे घेतलं. माझ्या अंगावर खाकी होती, आणि खाकीतला माणूस धान्य मागायला आला की काय करायचं हे त्यांना पाठ होतं. दोन बाप्ये खोरी घेऊन उभे राहिले.

तेव्हा त्यांच्यातली टोळीची मुकादम, लंकाबाई, पुढे आली. उंच, काटक बाई, हाताला अजून माती. “काय झालं, सायेब?”

“हा जोंधळा परत द्या. याला विष लागलंय.”

“इख लागलंय तर दुकानात कामून आलं?”

“चुकून आलं.”

“किडकी बाजरी दिली तवा कुनी चुकलं नव्हतं. चांगलं धान्य आमच्या पदरात पडलं का तुमाला आठवन येती.” मागे बायका हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “कुनाची चूक झाली? आमाला तरी कळू द्या.”

काकासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी सरकारचं नाव घेऊ शकलो असतो, त्या कारकुनाचंही घेऊ शकलो असतो. ते दोघंही तिथं नव्हते.

“माझी,” मी म्हणालो. “ते पेरायचं बी होतं. काणी जावी म्हणून मी त्याला औषध लावलं. त्यावर राख होती, ती मीच धुवायला लावली. राख नव्हती म्हणून झडतीवाल्यांनी खायचं धान्य समजून उचललं. ते पोटात गेलं तर माणूस आजारी पडेल, लहान पोर मरेलसुद्धा.”

लंकाबाईंनी सुपातले चार दाणे उचलले, मावळत्या उन्हाकडे धरून पाहिले आणि अंगठ्यानं चोळले. “राख धुतली?” त्या म्हणाल्या. “बियाची?”

“हो.”

त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग वळून त्यांनी एक हाक मारली, आणि जाती थांबली.

एवढ्यात टोकाच्या पालातून कुणीतरी सांगत आलं की बनुबाई दुपारपासून ओकतेय. बनुबाई ही टोळीतली अल्लड सून. दुपारी धान्य घेऊन येताना तिनं दोन मुठी दाणे तसेच चावून खाल्ले होते, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. अर्ध्या तासात तिला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या आणि सगळ्यांनी ऊन लागलं म्हणून सोडून दिलं होतं. मी जाऊन पाहिलं. ती पालाच्या खुंटाला टेकून बसली होती, चेहरा पांढरा पडलेला, पण शुद्धीवर. मी शेळीचं दूध मागितलं, ते तिला थोडं थोडं पाजायला लावलं. पहिला पेला बाहेर पडला, दुसरा राहिला. ती म्हणाली, “गोड हुता सायेब जोंधळा.” मला रडू आलं. सगळ्यांदेखत आलं.

लंकाबाईंनी मध्ये एक घोंगडं पसरलं आणि बायका एकेक करून आपापलं धान्य त्यावर ओतून गेल्या. पीठ वेगळं एका खड्ड्यात पुरलं. कुणी आदळआपट केली नाही. शेवटची बाई रिकामं सूप घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि विचारलं, “आता रांधायचं काय?”

मी काकासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. बाजरी संपली होती, गाडी सोमवारी येणार होती.

तिथून मालनबाईंचं गाव कोसभर. मी गेलो. त्या गोठ्यात धार काढत होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, मीही बसलो नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी आधी एकच विचारलं.

“कुनी मेलं का?”

“नाही. एक पोरगी ओकतेय, पण ती ठीक होईल. बी बहुतेक सगळं परत मिळालंय. पेरता येईल.”

“आन ती मानसं काय खात्यात?”

“काही नाही. सोमवारपर्यंत दुकानात काही नाही.”

त्यांनी चरवी बाजूला ठेवली. गोठ्याच्या मागच्या भिंतीशी गोवऱ्यांची रास होती. ती त्यांनी भराभर ढकलली आणि पहारीनं भिंतीचा शेणानं लिंपलेला एक तुकडा फोडला. आत बळद होतं, भिंतीच्या पोटात बांधलेली धान्याची कोठी. पांढरा जोंधळा भरलेला, माघातलं नवं पीक येईपर्यंतचं घरचं पोट. झडतीवाल्यांना हे सापडलं नव्हतं. खायचं त्यांनी भिंतीत दडवलं होतं आणि बी ओसरीत उघडं ठेवलं होतं, कारण बियाला कधी कुणी हात लावला नव्हता.

“आता तुमी बगितलं,” त्या म्हणाल्या. “लिवायचं तर लिवा. आदी पोतं धरा.”

मी पोतं धरलं. दडवलेलं धान्य दिसलं तर कळवायचं असा मला हुकूम होता, आणि आजतागायत मी ते कुठे लिहिलेलं नाही. बळद अर्धं रिकामं झालं तेव्हा बाईंनी गाडी जुंपली.

माळावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पालांपुढे चुली पेटवून ठेवलेल्या आणि त्यांवर काहीच नाही. पोरं गाडीच्या आवाजानं धावत आली. मालनबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं. मला वाटलं, आता सुटलो.

लंकाबाईंनी मूठभर दाणे काढून कंदिलापाशी नेले. दगडी जोंधळा, मोत्यासारखा पांढरा. त्यांनी ते परत पोत्यात टाकले.

“ह्येबी तसंच दिसतंय.”

“माझ्या घरचं खायचं हाय, बाई,” मालनबाई म्हणाल्या. “ह्याला कशाचा हात न्हाई लागला.”

“दुपारचंबी तुमच्याच घरचं हुतं.”

दोन्ही धान्यं समोर होती, घोंगड्यावर एक आणि पोत्यात एक, आणि त्या उजेडात ती ओळखायला मी स्वतः धजावलो नसतो.

लंकाबाई जात्यावर बसल्या. एका भाकरीपुरतं दळलं, थापलं, भाजलं. मालनबाईंनी हात पुढे केला, तशा त्या म्हणाल्या, “तुमी न्हाई. ह्यांनी.”

भाकरी माझ्या हातात आली. सकाळपासून माझ्याही पोटात नारायणरावांच्या चहाशिवाय काही नव्हतं. मी ती कोरडीच खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पाणी प्यालो, हात झटकले आणि उठायला लागलो.

“बसा,” लंकाबाई म्हणाल्या. “सायेब, तुमचं शिक्षन झालंय. इख कळायला किती येळ लागतो?”

मला ठाऊक होतं. बनुबाईमुळे आता नक्की ठाऊक होतं.

“अर्धा तास.”

मी मनगटावरचं घड्याळ काढून कंदिलाशेजारी ठेवलं. त्यांच्यात कुणाला ते वाचता येत नव्हतं. दहाव्या मिनिटाला मी “झाला” म्हणालो असतो तरी चाललं असतं, भाकरी चांगली होती हे मला पक्कं माहीत होतं. पण माझ्या पक्क्या माहितीवर तिथे कुणी विसंबून नव्हतं, सगळे माझ्या पोटावर विसंबून होते. दोनदा कुठल्यातरी आईनं विचारलं, झाला का, आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, अजून नाही. चुलींत लाकडं सरकवली जात होती. मालनबाई गाडीच्या जुवाला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

अर्धा तास झाला असं मी म्हणालो तेव्हा सगळी जाती एकदम सुरू झाली. भाकऱ्या तव्यावरून उतरायला लागल्या तोवर दोन पोरं बसल्या जागीच झोपी गेली होती. लंकाबाईंनी त्यांना हलवून उठवून पाहिलं. ती कुशीवर वळली, पण उठली नाहीत, तेव्हा त्यांच्या वाटच्या भाकऱ्या त्यांनी फडक्यात बांधून त्यांच्या उशाशी ठेवल्या.